अर्बुदाला पाक का होत नाही? : अर्बुद आणि व्याधिक्षमत्व यांचा एक अभ्यास

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण अथवा त्याचे नातेवाईक वैद्याकडे येतात तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकाच वाक्यात असते : "मोठ्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालूच आहे, तुम्ही फक्त प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या." औषधालयाच्या काउंटरवरही हेच वाक्य ऐकू येते आणि त्यावर उत्तर म्हणून एखादे रसायन, एखादा अवलेह किंवा गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली पुढे केली जाते. या मागणीच्या मुळाशी एक गृहीत आहे. शरीराची शक्ती कमी पडली म्हणून गाठ वाढली. शक्ती वाढविली की गाठ हटेल. हे गृहीत कितपत खरे आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. गेल्या पाव शतकात या विषयाचे ज्ञान इतके पालटले आहे की व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याने त्याची किमान रूपरेषा जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

प्रारंभ आपल्याच ग्रंथापासून करू. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची व गलगंड यांच्यासमवेत अर्बुदाचे वर्णन केले आहे. त्यात एक निरीक्षण असे आहे की, अर्बुदाला पाक होत नाही. कफ व मेद यांचे आधिक्य, दोषांचे स्थिरत्व आणि त्यांचे ग्रथन ही त्याची कारणे आचार्यांनी दिली आहेत. विद्यार्थिदशेत आपण हे लक्षण केवळ व्यवच्छेदक म्हणून पाठ करतो. विद्रधी पिकतो, अर्बुद पिकत नाही, एवढेच. परंतु पाक म्हणजे काय, याचा विचार केला तर त्या निरीक्षणाचे वजन लक्षात येते. पाक, पूय, दाह, वेदना ही शरीराने एखाद्या परक्या वस्तूशी उघडपणे मांडलेल्या झुंजीची चिन्हे आहेत. काटा रुतला तर दोन दिवसांत तेथे झुंज सुरू होते. मग काट्याच्या शेकडो पट मोठी, रोज वाढणारी गाठ शरीरात महिनोन्‌महिने राहते आणि झुंज का होत नाही? सुश्रुतांना लसिकापेशी ठाऊक होत्या असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. तसले ओढूनताणून जुळवलेले साम्य शास्त्राची शोभा वाढवीत नाही. परंतु प्रश्न त्यांनी अचूक जागी नोंदवून ठेवला आहे, एवढे निश्चित.

आधुनिक वैद्यकात हा प्रश्न प्रथम उलट बाजूने उपस्थित झाला. न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांना जुन्या नोंदींत एक रुग्ण आढळला, ज्याची मांसार्बुदाची गाठ विसर्पाचा तीव्र ज्वर येऊन गेल्यावर नाहीशी झाली होती. १८९१ पासून कोली यांनी अशा रुग्णांना मुद्दाम जंतूंची, पुढे मृत जंतूंच्या विषांची सुई देण्यास आरंभ केला. काहींत गाठी विरघळल्या, अनेकांत नाही. कोणात गुण येईल हे सांगता येईना आणि किरणोपचाराच्या उदयानंतर ही पद्धत मागे पडली. १९०९ मध्ये पॉल एर्लिख यांनी असे मत मांडले की, शरीरात विकृत पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि संरक्षक यंत्रणा त्यांना वेळीच दडपत असावी. १९५०च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट व लुईस थॉमस यांनी त्यालाच 'प्रतिकार-पहारा' या कल्पनेचे रूप दिले.

कल्पना सुंदर होती, पुरावा मात्र नव्हता. १९७४ मध्ये थायमस ग्रंथी नसलेल्या केशहीन उंदरांवर कर्करोगकारक रसायनाचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्यात सामान्य उंदरांपेक्षा अधिक गाठी झाल्या नाहीत. पहारेकरीच नसताना चोऱ्या वाढल्या नाहीत, तेव्हा पहारा होता हे कशावरून? या तर्काने हा विषय जवळजवळ वीस वर्षे बाजूला पडला. पुढे कळले की या उंदरांत काही टी पेशी व नैसर्गिक मारक पेशी शिल्लक असतात. २००१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने लसिकापेशी अजिबात तयार होऊ न शकणाऱ्या उंदरांवर प्रयोग केला. त्यांच्यात गाठी अधिक झाल्या, हे अपेक्षितच होते. खरा बोध दुसऱ्या निरीक्षणात होता. पहारा नसलेल्या उंदरांत वाढलेल्या गाठी निरोगी उंदरांत रोवल्या असता त्यांतील बऱ्याच गाठी शरीराने नाकारल्या. पहारा असलेल्या उंदरांत वाढलेल्या गाठी मात्र रोवताच वाढल्या. म्हणजे पहाऱ्याखाली वाढलेली गाठ ही पहारा चुकविण्यात तरबेज झालेली गाठ असते. जी पेशी ओळखू येते ती मारली जाते. जी ओळखू येत नाही ती उरते आणि तिचीच प्रजा वाढते. शरीराचे संरक्षण हेच जणू चाळणीचे काम करते.

या प्रक्रियेच्या तीन अवस्था मानल्या जातात : निर्मूलन, समतोल व पलायन. पैकी मधली अवस्था आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते. तीत विकृत पेशी मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. वर्षानुवर्षे दबून राहतात. २००३ मध्ये स्कॉटलंडमधून प्रसिद्ध झालेली एक नोंद याचे बोलके उदाहरण आहे. एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना बसविण्यात आली आणि दोघांतही मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग उद्भवला. शोध घेता असे निष्पन्न झाले की दात्यावर १६ वर्षांपूर्वी मेलॅनोमाची शस्त्रक्रिया झाली होती व तो पूर्ण बरा झाल्याचे समजले जात होते. दात्याच्या शरीराने जे १६ वर्षे दाबून ठेवले होते, ते प्रतिकारशामक औषधे घेणाऱ्या परक्या शरीरात मोकळे झाले. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, हा चिकित्सास्थानातील सुश्रुतांचा आग्रह येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता पलायन कसे घडते ते पाहू. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर एमएचसी नावाच्या तबकांत मांडून ठेवीत असते. टी पेशी ही तबके पाहत फिरते. परका तुकडा दिसला की त्या पेशीला मारते. अर्बुदपेशीचा पहिला उपाय साधा आहे : तबकच मांडावयाचे नाही. या तबकाचा पाया असलेले बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन अनेक गाठींत नष्ट झालेले आढळते. यावरही शरीराची एक तोड आहे. तबकच नसलेल्या पेशीचा संशय धरणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी त्यासाठीच आहेत. परंतु या मारक पेशींना चिथावणारे काही रेणू, जे पेशीवर ताण आला की बाहेर दिसतात, अर्बुदपेशी कापून रक्तात सोडून देते. मारक पेशीचे हात त्या सुट्या रेणूंतच गुंतून पडतात.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडील भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर होणारी, समागमातून पसरणारी गाठ पशुवैद्यांना चांगलीच परिचित आहे. ही गाठ जंतूमुळे होत नाही. एका कुत्र्याच्या अर्बुदपेशीच दुसऱ्या कुत्र्यात जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वी एका श्वानात निर्माण झालेल्या पेशींचीच ही अखंड वंशावळ आहे. परक्या देहातील पेशी स्वीकारली जावी हे एरवी अशक्य; परंतु वाढीच्या काळात या पेशी आपली एमएचसी तबके जवळजवळ झाकून ठेवतात. पुढे अनेक कुत्र्यांत ती तबके पुन्हा उघडी पडतात, गाठीत लसिकापेशी शिरतात आणि गाठ आपोआप ओसरते. लपणे व उघडे पडणे यांचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. टी पेशीच्या अंगी लगाम असतात, आणि ते असलेच पाहिजेत. एरवी संसर्ग ओसरल्यावरही मारामारी चालू राहील व शरीर स्वतःलाच खाऊ लागेल. १९९२ मध्ये जपानमधील क्योतो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ नावाचा असा एक लगाम शोधला. तो नसलेल्या उंदरांत पुढे स्वयंप्रतिकार विकार उद्भवलेले दिसले. सीटीएलए-४ हा दुसरा लगाम. तो नसलेली उंदराची पिले काही आठवड्यांतच दगावतात. अर्बुदपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हा रेणू धारण करते आणि त्याने टी पेशीचा पीडी-१ लगाम खेचते. टी पेशी गाठीपर्यंत पोहोचलेली असते, शत्रूही ओळखलेला असतो, पण हात उचलत नाही.

येथे एक मुद्दा वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. पीडी-एल१ वाढविण्याचा संकेत अर्बुदपेशीला मिळतो कोठून? टी पेशी हल्ला करताना जो इंटरफेरॉन गॅमा स्रवते, त्यातूनच! हल्ला जितका जोराचा, तितकी ही ढाल जाड होत जाते. म्हणजे ज्या द्रव्याला आपण 'प्रतिकारशक्ती वाढली' याचे मोजमाप समजतो, तेच द्रव्य पलायनाचे दार उघडू शकते. प्रयोगशाळेतील बशीत एखाद्या वनस्पतीच्या अर्काने इंटरफेरॉन वाढले, एवढ्यावरून ती कर्करोगावर उपयुक्त ठरेल असे अनुमान काढणाऱ्या पत्रकांकडे या दृष्टीने पाहावे.

तिसरा प्रकार म्हणजे गाठीभोवतीचा सगळा परिसरच फितूर करणे. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी दाखविले की टी पेशींचा एक वर्ग इतर टी पेशींना शांत ठेवण्याचे काम करतो. या नियामक टी पेशींवरील शोधासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह देण्यात आले. गाठ या नियामक पेशींना आपल्याकडे ओढून घेते. टीजीएफ-बीटा व इंटरल्यूकिन-१० यांसारखी शामक द्रव्ये स्रवते. भक्षक पेशींना मारण्याऐवजी ऊतकांची दुरुस्ती करण्याच्या कामाला लावते, म्हणजे त्या गाठीसाठीच नव्या रक्तवाहिन्या घडवू लागतात. शर्करेचा अफाट वापर करून लॅक्टिक आम्ल साचविते, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल खाऊन टाकते; अशा उपाशी व आम्ल परिसरात टी पेशी थकतात. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक यांनी अर्बुदाला कधीही न भरणाऱ्या व्रणाची उपमा दिली होती. व्रण भरताना शरीर जी जी कामे करते, ती सर्व येथे चालू असतात, फक्त थांबत नाहीत. दुष्टव्रणाची चिकित्सा करणाऱ्या वैद्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

एवढ्या विवेचनावरून मूळ गृहीताचे काय झाले ते दिसून येईल. रुग्णाच्या गाठीत पुष्कळदा प्रतिकार असतो. तो झाकलेला, लगाम घातलेला किंवा फितवलेला असतो. नियामक टी पेशी हीदेखील प्रतिकारयंत्रणाच आहे, आणि पीडी-१ हाही. 'वाढवा' म्हटले तर यांतील काय वाढवावयाचे? चरकाचार्यांच्या व्याधिक्षमत्वाचा अर्थ चक्रपाणींनी द्विविध केला आहे : झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. व्याधिक्षमत्वास केवळ 'बल' असे समजून त्याची भर घालावी तितकी चांगली, हा अर्थ त्या टीकेत कोठेही नाही. आमच्या मते 'इम्युनिटी बूस्टर' हा बाजारी शब्द व्याधिक्षमत्वाचे भाषांतर म्हणून वापरणे हा आपल्याच शास्त्राचा संकोच आहे.

चिकित्सेतही हेच प्रत्ययास आले. यश मिळाले ते लगाम काढण्याने. जेम्स अॅलिसन यांनी १९९६ मध्ये उंदरांत सीटीएलए-४ रोखून गाठी घालविल्या. त्यावर आधारित इपिलिमुमॅब २०११ मध्ये, तर पीडी-१ रोखणारी पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही औषधे २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अॅलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. २०२२ मध्ये गुदाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांत याच जातीच्या डोस्टारलिमॅब या औषधाने गाठ पूर्ण दिसेनाशी झाल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रांतही झळकली. ते रुग्ण जनुकीय दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या विशिष्ट गाठींचे होते. अशा गाठींत परके तुकडे भरपूर असतात, म्हणून लगाम सुटताच टी पेशींना लक्ष्य सापडते. गुदाच्या बहुसंख्य कर्करोगांत अशी स्थिती नसते, हे बातम्यांत शेवटच्या ओळीत होते किंवा नव्हतेच.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा आपल्याकडील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे. तेथील चिकित्सकांनी तोंड, घसा इत्यादींच्या पुढे गेलेल्या कर्करोगात तोंडावाटे घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखू व सुपारीने ग्रासलेल्या महाराष्ट्रात हा निष्कर्ष वैद्यांनी रुग्णाला सांगण्याजोगा आहे. खर्चामुळे उपचार सोडून जडीबुटीकडे वळू पाहणाऱ्या रुग्णाला 'कमी मात्रेचा पर्याय आहे का, हे तुमच्या तज्ज्ञांना विचारा' एवढे एक वाक्यही त्याच्या आयुष्याचे काही महिने वाचवू शकते.

या औषधांमुळे आपल्या दारी येणारा रुग्णही बदलला आहे. लगाम सुटलेली टी पेशी गाठीबरोबर निरोगी अवयवांवरही हल्ला करते. आतड्याला दाह होऊन अतिसार, फुप्फुसाला होऊन कोरडा कास व श्वास, यकृताला होऊन कामला, अवटू ग्रंथीला होऊन प्रथम क्षोभ व मग मांद्य, त्वचेवर पुरळ अशी ही लक्षणे असतात. ती पहिल्या सुईनंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित उपचार थांबल्यावरही येतात. अशा रुग्णाचा अतिसार हा ग्रहणीदोष समजून कुटज-बिल्व देऊन आठ दिवस वाट पाहणे धोक्याचे आहे. काही रुग्णांत आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. त्यावर वेळीच दिलेली स्टेरॉइड औषधे हाच उपाय असून ती देण्याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा आहे. यास्तव कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला 'केमो चालू आहे का?' एवढेच न विचारता कोणती सुई चालू आहे, तिचे नाव कागदावर पाहावे. रुग्ण सर्वच सुयांना केमो म्हणतो.

गुडूचीचा विषय येथे टाळता येत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहासारखी विकृती आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर असा आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही विषारी भगिनी वापरली गेली असण्याची शक्यता आहे. आम्हांस दोन्ही बाजूंतून एकच कर्तव्य दिसते. ओळख न पटविलेला कच्चा माल आपल्या गोदामात येऊ शकतो, हे मंत्रालयाच्या आक्षेपातच गृहीत आहे. तेव्हा औषधालयाने प्रत्येक खेपेची ओळख तपासावी. आणि ज्याच्या यकृतावर लगाम सुटलेल्या टी पेशींचा हल्ला होण्याची शक्यता आधीच आहे, त्या रुग्णाला गुडूची अथवा अश्वगंधा तज्ज्ञांच्या माहितीशिवाय देऊ नये. अश्वगंधेनेही यकृतविकार झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. पुढे कामला दिसली तर दोष औषधाचा की रसायनाचा हे कोणालाच ठरविता येत नाही, आणि जीवरक्षक उपचार थांबवावा लागतो.

कोष्ठाचा संबंध मात्र खरोखर लक्षणीय ठरला आहे. ही औषधे सुरू करण्याच्या सुमारास प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांत गुण कमी आल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. २०२१ मधील एका अभ्यासात मेलॅनोमाच्या रुग्णांत तंतुमय आहार पुरेसा घेणाऱ्यांत रोग आटोक्यात राहण्याचा काळ अधिक होता, आणि सर्वाधिक लाभ तंतुमय आहार घेणाऱ्या व बाजारातील प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांत दिसला. हे निरीक्षण आहे, सिद्धांत नव्हे. तरीही काउंटरवर सहज पुढे केल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकच्या पुडीबाबत औषधालयाने हात आखडता घ्यावा, आणि आहाराचा सल्ला देणाऱ्या वैद्याने तो आत्मविश्वासाने द्यावा, इतपत आधार त्यात निश्चित आहे. अग्नी, निद्रा, मुखपाक, मलावरोध, अरुची या क्षेत्रांत वैद्याचे काम मोठे आहे व तेथे रुग्णाला प्रत्यक्ष सुख मिळते. लगाम काढण्याचे अथवा झाकलेले तबक उघडे करण्याचे कार्य कोणत्याही वनौषधीने मानवी रुग्णांत सिद्ध केलेले नाही, आणि तसे सांगून औषध विकणे हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचे नाव आहे. दुकानातील फलक, वेष्टणावरील ओळ व हाती दिलेले पत्रक ही सर्व त्या कायद्याच्या अर्थाने जाहिरातच होत. ज्या औषधालयांत असे फलक अद्याप टांगलेले असतील, त्यांनी ते उतरवून ठेवावेत.